पर्याय पाच, पण कुठले पाच?

सोलापुरात प्रकल्पासाठी सर्वेक्षण म्हटलं की उत्तरदाते बहुधा विडी कामगार, नाहीतर यंत्रमाग कामगार. नवखे विद्यार्थी सगळी मेहनत प्रश्नांवर घेतात आणि खाली 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली पाच पर्यायांची श्रेणी चिकटवून मोकळे होतात. डेटा बिघडतो तो तिथेच.

'मजुरी वेळेवर मिळते' हे विधान वाचून दाखवलं की समोरची बाई भिडेखातर 'हो' म्हणते. त्यापेक्षा 'गेल्या तीन महिन्यांत मजुरी किती वेळा वेळेवर मिळाली?' असं विचारा. पर्याय: प्रत्येक वेळी, बहुतेक वेळा, साधारण निम्म्या वेळा, क्वचित, एकदाही नाही. आणि जिथे आकडाच मिळतो, तिथे श्रेणी हवी कशाला? पाणी 'नियमित' येतं का, हे विचारू नका; नळाला मागचं पाणी किती दिवसांपूर्वी आलं, ते विचारा.

पर्यायांचा तोल तपासा. 'उत्तम, खूप चांगली, चांगली, बरी, वाईट' यात वाईटाच्या बाजूला एकच जागा आहे. सरासरी आपोआप वर जाते. 'ठीकठाक' आणि 'सांगता येत नाही' यांना एकच खण देऊ नका. पहिलं मत आहे, त्याला १ ते ५ पैकी मधले ३ गुण. दुसरं मतच नाही, त्याला वेगळा कोड द्या आणि सरासरीतून वगळा.

सात पर्याय तोंडी वाचले तर शेवटचेच जास्त लक्षात राहतात. म्हणून दोन टप्प्यांत विचारा: आधी समाधानी की असमाधानी, मग खूप की थोडं.

छाट म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या. 'छाट जास्त काढली जात नाही' अशा नकारार्थी विधानाला 'असहमत' म्हणायचं म्हणजे काय, हे भल्याभल्यांना चटकन उमगत नाही. 'छाट जास्त काढली जाते' असं सरळ लिहा. बाकीची विधानं कामाच्या चांगल्या बाजूची असतील तर बेरजेआधी याचे गुण उलटवा: ६ वजा मिळालेले गुण. हे करायचं राहिलं तर अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वासार्हतेचा आकडा, कोसळतो आणि दोष विनाकारण प्रश्नावलीवर येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. 'बहुतेक वेळा'चं भाषांतर प्रत्येक प्रगणकाने दारात उभं राहून केलं तर जितके प्रगणक तितक्या श्रेणी होतात. तेलुगू आणि कन्नड पर्याय आधीच छापून घ्या, दुसऱ्याकडून ते परत मराठीत करून ताडून बघा. मग २०-३० जणांवर चाचणी घ्या. ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळे एकच खूण करतात, त्याचे पर्याय पुन्हा लिहा.