रॅगवीडचा माग काढताय? या चुका टाळा

रॅगवीड हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं तण; त्याच्या परागांनी ॲलर्जी होते. नव्या प्रदेशात शिरलं की पहिली काही वर्षं ते कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि त्याला रोखता येतं ते नेमकं याच वर्षांत. घोळ होतो तो बहुतेक वेळा ओळखण्यात.

नुसत्या पानाच्या आकारावर निकाल देऊ नका. कोवळेपणी गाजरगवत, झेंडू, कॉसमॉस, सगळ्यांचीच पानं कातरलेली असतात. मगवर्ट, म्हणजे आपल्या दवण्याचा भाऊबंद, तर हमखास फसवतो. पान उलटून बघा: मगवर्टचं खालून पांढुरकं, लवदार असतं; साध्या रॅगवीडचं दोन्ही बाजूंनी हिरवं. फुलोरा आला की शंका फारशी उरत नाही. रॅगवीडच्या शेंड्यांवर उभे तुरे, त्यांत खाली मान घातलेली हिरवट नर फुलं, आणि मादी फुलं त्यांच्या खाली पानांच्या बेचक्यांत. गाजरगवताची फुलं पांढरी असतात. आणि कातरलेलं पान नाही म्हणून रोप सोडूनही देऊ नका. महाकाय रॅगवीड या दुसऱ्या जातीचं पान मोठं, तीन किंवा पाच भागांचं असतं.

रॅगवीडच्या ॲलर्जीचं खापर बऱ्याचदा पिवळ्याधमक फुलांच्या गोल्डनरॉड या दुसऱ्याच रोपावर फोडलं जातं. त्याचे पराग जड आणि चिकट, ते कीटकच वाहून नेतात. रॅगवीडचे मात्र वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणूनच परागमापकात, म्हणजे हवेतले पराग मोजणाऱ्या यंत्रात, ते सापडले तरी लगेच नकाशावर ठिपका देऊ नका. झाड डोळ्यांनी दिसायला हवं.

लांबून काढलेला झुडपाचा एकच फोटो जवळपास निरुपयोगी. पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि तुरा जवळून टिपा. सोबत जीपीएस, तारीख, रोपांचा अंदाज. रस्त्याच्या कडा, सूर्यफुलाची शेतं, पक्ष्यांना दाणे टाकतात त्या जागा आधी पाहा, कारण बी मातीतून, यंत्रांना चिकटून आणि दाण्यांत मिसळून येतं. शोधून काही सापडलं नाही, तर तेही नोंदवा. नाहीतर ती जागा पाहिलीच नव्हती की खरंच रिकामी होती, हे पुढच्याला कळणार नाही.

लवकर कापलं की संपलं, हा भ्रम सोडा. बुंध्यापासून नवे फुटवे येतात आणि जमिनीलगत फुलतात. वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात आयुष्य संपणारं, रॅगवीड फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा. बहुवर्षायू जात मात्र मुळांच्या तुकड्यांतून पुन्हा उगवते. बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं, त्यामुळे एका हंगामात जागा स्वच्छ दिसली तरी ती यादीतून काढू नका. दरवर्षी फुलोऱ्याआधी तिथे एक फेरी ठेवाच.