उत्पन्नानुसार ठरणारे थेरपीचे शुल्क: या चुका टाळा

अनेक थेरपिस्ट आणि समुपदेशन केंद्रे येणाऱ्याचे उत्पन्न पाहून सत्राचे शुल्क कमी-जास्त करतात. या पद्धतीला स्लायडिंग स्केल म्हणतात. तिचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि पुष्कळदा ते कुठे लिहिलेलेही नसतात. त्यामुळे ही सवलत मागताना, ठरवताना आणि पुढे निभावताना होणाऱ्या बहुतेक चुका पैशाबद्दल वेळेवर आणि स्पष्ट न बोलल्यामुळे होतात.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे उशिरा विचारणे. संकोचापोटी माणसे दोन-तीन सत्रे पूर्ण शुल्क भरून करतात, मनातले बरेच काही सांगून होते आणि मग खर्च झेपत नाही म्हणून काही न कळवता जाणे थांबवतात. सवलतीच्या जागा सहसा मोजक्या असतात, म्हणून हा प्रश्न पहिल्या फोनवर किंवा पहिल्या संदेशातच विचारावा. त्यासाठी अडचणींची सगळी कहाणी सांगण्याची गरज नाही. ‘माझ्या सध्याच्या उत्पन्नात मला एका सत्रासाठी इतकी रक्कम नियमितपणे देता येईल, आपल्याकडे सवलतीच्या शुल्कात जागा आहे का?’ एवढे वाक्य पुरते. असा प्रश्न थेरपिस्टना आगाऊपणाचा वाटेल, ही भीतीही अनाठायी आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर शुल्काविषयी शक्य तितक्या लवकर सहमती करावी, असे मानसशास्त्रज्ञांनाच बजावलेले आहे.

दुसरा मोठा घोळ ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचे, यावरून होतो. काही केंद्रे करकपातीपूर्वीचे उत्पन्न धरतात, तर काही हातात येणारी रक्कम; काही ठिकाणी एकट्याची कमाई पाहतात, तर काही ठिकाणी संपूर्ण कुटुंबाची कमाई आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसे. फॉर्ममधला आकडा भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे, कारण एकच व्यक्ती व्याख्येप्रमाणे केंद्राच्या शुल्कतक्त्यातल्या दोन वेगळ्या टप्प्यांत बसू शकते. ज्यांची कमाई हंगामी किंवा कामागणिक मिळणारी आहे, त्यांनी ज्या महिन्यात फॉर्म भरायचा तोच महिना प्रमाण न मानता मागील 12 महिन्यांची सरासरी काढावी. नाहीतर भरभराटीच्या महिन्यात ठरलेले शुल्क ओढाताणीच्या महिन्यांत पेलत नाही. कर्जाचे हप्ते, आजारपणाचा चालू खर्च किंवा आईवडिलांना पाठवायची रक्कम तक्त्यात दिसत नाही, पण सांगितली तर पुष्कळ ठिकाणी विचारात घेतली जाते. याउलट, उत्पन्न कमी असले तरी गाठीशी मोठी बचत असेल तर तेही सांगणेच योग्य. कुटुंबाच्या उत्पन्नाचा निकष एका परिस्थितीत सरळसरळ अन्यायकारक ठरतो. घरात पैसा आहे, पण तो जोडीदाराच्या किंवा पालकांच्या ताब्यात आहे आणि थेरपी घेत असल्याचे त्यांना कळू द्यायचे नाही, अशा वेळी कागदावरचा आकडा निरर्थक असतो. तसे स्पष्ट सांगून स्वतःच्या हातातल्या पैशावर शुल्क ठरवून मागावे, आणि पावत्या व संदेश कोणत्या पत्त्यावर यावेत हेही त्याच वेळी ठरवावे.

रक्कम स्वतःहून सांगायची असेल तेव्हा भिडेपोटी झेपणार नाही असा आकडा बोलून बसणे महागात पडते. हिशेब एका सत्राचा न करता वर्षाचा करावा. आठवड्याला एक सत्र म्हणजे वर्षाला 52. महिन्याला चारच सत्रे धरली तर 48 होतात, आणि पाच सत्रांच्या महिन्यांत अंदाज कोलमडतो. सवलत बहुधा सत्रापुरतीच असते. मानसशास्त्रीय चाचण्या, लेखी अहवाल, मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि औषधे यांचा खर्च वेगळा पडू शकतो. ऐनवेळी रद्द केलेल्या सत्राचे शुल्क सवलतीच्या दराने लागेल की पूर्ण दराने, हा प्रश्न तर जवळजवळ सगळेच विसरतात आणि पहिला वाद नेमका तिथेच होतो. ठरलेले सर्व थोडक्यात लिहून घ्यावे. चार ओळींचा ईमेल पुरेसा आहे.

विम्याचा दावा करणार असाल तर पावतीवर प्रत्यक्ष भरलेलीच रक्कम असली पाहिजे. भरायची कमी आणि पावती पूर्ण शुल्काची घ्यायची, ही ‘मदत’ थेरपिस्टने आपुलकीने देऊ केली तरी ती विमा कंपनीची फसवणूक आहे. शुल्काऐवजी थेरपिस्टचे काही काम करून देण्याचा पर्यायही शक्यतो टाळावा, कारण त्याने नात्याच्या मर्यादा धूसर होतात.

आता या सगळ्यांपेक्षा कमी दिसणारी, पण उपचारालाच धक्का लावणारी चूक. सवलत घेणारी माणसे उपकाराच्या ओझ्याखाली वागू लागतात: सत्राची वेळ गैरसोयीची असली तरी बोलत नाहीत, थेरपिस्टचे एखादे बोलणे लागले तरी गिळून टाकतात, उपयोग होत नसला तरी होत आहे असे सांगतात. हा प्रश्न जुना आहे. 1913 मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी, विनामूल्य उपचारांनी काही रुग्णांचा उपचारांना असलेला अंतर्गत विरोध वाढतो आणि त्यात कृतज्ञतेच्या ओझ्याचाही वाटा असतो, असे स्वतःच्या अनुभवावरून लिहिले होते. तरीही 1918 मध्ये मनोविश्लेषकांच्या बुडापेस्टच्या परिषदेत त्यांनीच गरिबांसाठी विनामूल्य उपचार केंद्रे असावीत अशी मांडणी केली, आणि 1920 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या केंद्रात रुग्णांनी ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे अशी सोय झाली. माझ्या मते या दोन भूमिकांत विसंगती नाही: ओझे जाणवते हे खरे, आणि त्यावर उपाय म्हणून शुल्क वाढवण्यापेक्षा ते ओझे सत्रातच बोलून दाखवणे बरे. सवलत देणाऱ्याने स्वतःला किती परवडते याचा विचार करूनच ती दिलेली असते. कमी शुल्काच्या सत्रात वेळ कापला जात असेल किंवा लक्ष कमी दिले जात असेल, तर ती तक्रार पूर्ण शुल्क देणाऱ्याइतक्याच हक्काने करावी.

ठरलेले शुल्क कायमचे नसते. नोकरी गेली तर थकबाकी साचण्याआधी कळवावे. पगार वाढला तर तेही कळवावे, म्हणजे सवलतीची जागा दुसऱ्या कुणाला मिळते. दर सहा महिन्यांनी फेरविचार करायचा, असे सुरुवातीलाच ठरवले तर दोघांचाही संकोच वाचतो.

जागा नाही असे उत्तर आले तर तिथेच थांबू नये. प्रतीक्षायादी आहे का, पंधरा दिवसांतून एकदा सत्र चालेल का, गटथेरपी आहे का, अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे प्रशिक्षणार्थी कमी शुल्कात पाहतात का आणि दुसऱ्या कुणाचे नाव सुचवता येईल का, हे त्याच संभाषणात विचारून घ्यावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र कोणत्याही प्रतीक्षायादीत न थांबता तातडीची वैद्यकीय सेवा किंवा हेल्पलाइन गाठावी. आणि चालू थेरपी मध्येच परवडेनाशी झाली, तर गुपचूप गैरहजर राहण्याऐवजी एक-दोन समारोपाची सत्रे मागावीत, ज्यांत आतापर्यंतचे काम आवरता येते आणि पुढे कुठे जायचे हे ठरवता येते.