राजाच्या बाकावर बसू नका: दशावतार बघायला जाताना

कुडाळजवळच्या एका गावात पहिल्यांदा जत्रेला गेले, तेव्हा रात्री साडेनऊलाच देवळासमोर हजर. मी मूळची अमरावतीची. नाटक म्हटलं की डोक्यात तिकिटावरची वेळ. मांडवात एक लाकडी बाक रिकामा दिसला, टेकले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "थंय बसू नको गो, थंय राजा बसतलो." दशावतारात, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या इथल्या लोकनाट्यात, तो बाकच सिंहासन, तोच महाल, वेळ आली तर डोंगरसुद्धा. बाकी नेपथ्य काही नाही. मी गुपचूप उठून आजींच्या चटईवर सरकले.

तर आधी तिथी बघा. सिंधुदुर्गातल्या जत्रा म्हणजे दहीकाले, मालवणीत धयकालो. कार्तिकात सुरुवात होते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत गावोगाव चालतात. प्रत्येक गावाची तिथी ठरलेली, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीच्या तारखेवर रेल्वेचं आरक्षण केलंत तर रिकामं देऊळ बघून परत याल. (मी आलेय.) सोनुर्लीच्या माउली देवीची लोटांगणाची जत्रा फार प्रसिद्ध, पण गर्दी अफाट. पहिल्या खेपेला एखादं लहान गाव धरा. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरा आणि दुपारी चक्क झोपा, कारण रात्री झोप नाही.

बरोबर चटई, शाल आणि कानटोपी हवीच. डिसेंबरात पहाटे दंव पडतं. सुटे पैसे ठेवा: तिकीट नसतं, पण नाटकात मध्येच आरतीचं ताट फिरतं, तेव्हा पाचशेची नोट काढून बसू नये. जत्रेत खाजं घ्या. बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेला गूळ. रात्री दोनला तेच उपयोगी पडतं.

घाई करू नका. आधी देवीची ओटी, मग पालखीची प्रदक्षिणा, आणि ती आटोपल्यावर नाटक. मध्यरात्र सहज उलटते. त्या मधल्या वेळात नट रंगायला बसतात, आणि मला विचाराल तर अर्धी मजा तिथेच. प्रत्येकजण स्वतःचा आरसा समोर धरून स्वतःच तोंड रंगवतो. पेटाऱ्यातला गणपतीचा लाकडी मुखवटा आधी पुजला जातो. लांब उभं राहून बघा, "काका, फोटो काढू?" असं विचारा. स्त्रीपार्टी नट लुगडं नेसत असेल तेव्हा मात्र फोन खिशात. एकदा मी न विचारता फ्लॅश मारला होता. कोणी रागावलं नाही, नुसते सगळे गप्प झाले. ते जास्त लागलं.

सुरुवातीला आड दशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग. गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि काळा पोशाख, लाल जीभ लोंबणारा संकासुर. त्याला बघून पोरं किंचाळतात आणि पुन्हा पुढे सरकतात. विष्णू त्याला मारतो. पुण्याचे पाहुणे इथे नाटक संपलं समजून उठतात. उठू नका! खरं आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य पौराणिक कथा, यानंतर. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात. दोन राजे एकमेकांना शब्दांत पकडू लागले की म्हातारे पुढे झुकून ऐकतात. संवाद शुद्ध मराठीत, विनोद मालवणीत. विनोद कळला नाही तर शेजाऱ्याला विचारा, आनंदाने सांगतात, फक्त तोवर पुढचे दोन निसटतात. युद्धाच्या वेळी पखवाज आणि झांज चढत जातात, नट गरगर फिरतात, आणि झोपलेली पोरं उठून बसतात.

तीन ते चार ही वेळ अवघड. डुलकी आली तर तिथेच चटईवर घ्या, सगळे घेतात; मुक्कामावर मात्र जाऊ नका. उजाडताना दहीहंडी फुटते. त्यासाठीच तर दहीकाला.

मग चहाच्या टपरीवर या. टेम्पोत पेटारा चढवणाऱ्याला विचारा, "आज रात्री खय?" तो गावाचं नाव सांगेल, वाटही सांगेल. दुपारची झोप त्या हिशोबाने काढा.