मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकलीय का नस दबलीय? एमआरआयच्या आधी एवढं बघा

आमच्या सोलापुरात कंबर धरलेला माणूस घरटी एक सापडतो, कुणी लूमवर (यंत्रमागावर) सुताचा जड बीम उचलून तर कुणी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळून. माझ्या मेव्हण्याला बीम उचलताना चमक भरली, एका दवाखान्यात तर पायाला हात पण न लावता एमआरआय लिहून दिला. आता एमआरआयमध्ये काहीच त्रास नसलेल्या माणसाची पण गादी फुगलेली दिसते, मग त्यावरनं काय कळणार?

आधी विचारायचं, दुखतंय कुठं. नुसती कंबर दुखत असेल तर बहुतेक वेळा नसेचा संबंध नसतो. कळ ढुंगणातनं मांडीच्या मागनं गुडघ्याखाली पोटरीत, पावलात उतरत असेल तर नसेचा संशय घ्यायचा.

मग पाय उचलायची टेस्ट. मऊ गादीवर नको, खाली चादर टाकून उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवून टाच धरून हळूहळू पाय वर न्या. साधारण 30 ते 70 अंशाच्या मध्ये ती नेहमीची कळ गुडघ्याखाली गेली तर पॉझिटिव्ह. मांडीच्या मागं नुसता ताण बसला तर ते धरायचं नाही, मांडीमागचे स्नायू आखडले असतील (इथंच सगळे फसतात). खात्री करायची तर पाय जरा खाली घ्या, कळ थांबली की पंजा नडगीकडं वाकवा, परत कळ आली तर नसच. आणि चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर गादीचा संशय एकदम पक्का होतो, पण हे थोड्याच जणांत दिसतं.

मांडीच्या पुढं दुखत असेल तर कमरेतल्या वरच्या नसांचा संशय, पालथं झोपवून गुडघा वाकवून बघतात.

आता ताकद. टाचांवर चालता येत नाही, पायाचा अंगठा वर उचलून धरता येत नाही, तर एल-5 ची (कमरेच्या पाचव्या मणक्याची) नस. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, करंगळीकडची बाजू बधीर, तर एस-1 (तिच्या खालची, माकडहाडाच्या वरच्या हाडातली नस). बहुतेक त्रास ह्या नसांना दाबणाऱ्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांचा. हातोडीनं घोट्यामागं ठोकून बघायचं काम डॉक्टरवर सोडा.

मेव्हण्याची कळ 40 अंशाला यायची पण ताकद शाबूत होती, दुसऱ्या डॉक्टरनं गोळ्या, व्यायाम देऊन सहा आठवडे थांबवलं, आता कामावर जातोय.

पण लघवी अडकली किंवा कळेना, बसायची जागा बधीर झाली, पाय लुळा पडायला लागला, तर टेस्ट वगैरे करत बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट सिव्हिल गाठायचं.