परदेशी भागीदाराबरोबर कंपनी काढताय? सहीआधी हा तक्ता बनवा

भांडवलाच्या टक्क्यांवर दोन्ही बाजू महिनोन्‌महिने घासाघीस करतात. रोजचे निर्णय कोण घेणार, हे मात्र सहीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत उरकलं जातं. दोन देशांच्या भागीदारीतल्या कंपन्यांचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या भांडणाचं मूळ मला त्या घाईत सापडलं.

म्हणून आधी एक तक्ता करा. डावीकडे निर्णय लिहा: प्रमुखाची नेमणूक, वार्षिक बजेट, कर्ज, नवी यंत्रं, निर्यातीचे देश, भागीदाराकडूनच होणारी खरेदी. प्रत्येकापुढे प्रस्ताव कोण आणणार, मंजुरी कोण देणार, नुसतं कळवायचं कोणाला आणि उत्तर किती दिवसांत यायला हवं, हे भरा. दोघांचीही संमती लागेल असे विषय मोजकेच ठेवा. निम्म्या-निम्म्या वाट्याच्या एका कंपनीत आमच्या यादीत अशी चाळीसेक कलमं होती आणि त्यात बजेटही होतं. दुसऱ्या वर्षी निर्यातीच्या बाजारपेठेवरून दोघांचं बिनसलं आणि एकाने बजेटच अडवलं. कारखान्याचा प्रमुख सुट्या भागांची यादी घेऊन रोज माझ्या टेबलाशी यायचा. सही करण्याचा अधिकार मला नव्हता. पाच महिने गेले. करारात एकच वाक्य हवं होतं: नवं बजेट मंजूर होईपर्यंत मागच्या वर्षीचं, महागाईची वाढ धरून, चालू राहील. ते वाक्य तुम्ही नक्की घाला.

51 टक्के आपल्याकडे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रान्सच्या दानोन या खाद्यपदार्थ कंपनीने 1996 मध्ये चीनच्या वाहाहा या पेयांच्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि पुढे तिच्याकडे 51 टक्के आले. पण ‘वाहाहा’ या ट्रेडमार्कचं संयुक्त कंपनीकडे हस्तांतरण पूर्ण झालं नाही आणि कारभार स्थानिक संस्थापकाच्याच हाती राहिला. त्याच नावाचा माल संयुक्त कंपनीबाहेरच्या कारखान्यांतूनही विकला जातो, यावरून 2007 मध्ये वाद उघड्यावर आला. 2009 मध्ये दानोन आपला हिस्सा विकून बाहेर पडली. ब्रँड, विक्रेते, तंत्रज्ञान आणि बँक खात्यावरची सही यांपैकी काय कोणाकडे आहे, ते आधी तपासा. टक्के त्यानंतर मोजा.

माणसांचा प्रश्न नाजूक आहे. प्रमुख एका भागीदाराने नेमला, तर वित्तप्रमुख दुसऱ्याने नेमावा, ही जुनी रीत मला अजूनही पटते. मात्र मूळ कंपनीतून पाठवलेल्या माणसाची बढती तिकडेच ठरत असेल, तर तो तिकडचंच हित बघणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात संयुक्त कंपनीच्या संचालक मंडळाचं मत धरलं जावं, हे लेखी घ्या.

कामगिरी मोजताना नुसता नफा बघितलात तर फसाल. रॉयल्टी, सुट्या भागांची किंमत, व्यवस्थापन शुल्क या वाटांनी एक भागीदार लाभांशाआधीच आपला वाटा काढून घेऊ शकतो. दुसऱ्याला फक्त रोडावलेला नफा दिसतो. अशा प्रत्येक व्यवहाराचा दर ठरवण्याची पद्धत करारात असावी आणि त्यावर मत देताना ज्याचा फायदा आहे त्याने बाजूला बसावं. उलटही घडतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या ‘नुमी’ या संयुक्त मोटार कंपनीने 1984 मध्ये उत्पादन सुरू केलं. जनरल मोटर्सला टोयोटाची उत्पादनपद्धत आतून पाहायची होती, टोयोटाला अमेरिकी कामगारांबरोबर काम करून बघायचं होतं. ही शिकवण ताळेबंदात कुठेच दिसत नाही. म्हणून दर तिमाहीला कंपनीच्या आकड्यांसोबत आणखी एक पान जोडा: या तीन महिन्यांत कोणत्या भागीदाराला, लाभांशाखेरीज, काय मिळालं. ते पान दोघांच्या वित्तप्रमुखांनी एकत्र बसून भरायचं आणि दोघांनी त्यावर सही करायची.