शाळेतली फ्रेंच-जर्मन दहावीपुढे टिकवायची आणि दुसरी भाषा जोडायची, ती अशी

दहावीला परदेशी भाषेत नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या अनेक मुलांना त्या भाषेत घरचा पत्ताही सांगता येत नाही. शाळेत भर लेखी परीक्षेवर असतो. म्हणून घरच्या अभ्यासात ऐकणं आणि मोठ्यानं बोलणं आधी.

रोज अर्धा तास पुरतो. 10 मिनिटं ऐकत ऐकत मागोमाग वाक्यं म्हणायची, 10 मिनिटांत आठ नवे शब्द, उरलेल्या वेळात कालचे, तीन दिवसांपूर्वीचे आणि आठवड्यापूर्वीचे शब्द. ट्रान्स हार्बर लोकलनं ठाण्याहून वाशीला जाताना फक्त ऐका. म्हणण्याचा भाग घरी दार लावून.

जर्मन नाम वहीत एकटं लिहू नका, त्याचं लिंग दाखवणारं 'देअर', 'दी' किंवा 'दास' सोबत हवंच. मराठी मुलांना तीन लिंगं नवी नाहीत, पण घोटाळा तिथेच होतो. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये पुल्लिंगी. सूर्य आपला पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. तीन रंगांची पेनं ठेवा, प्रत्येक लिंगाला एक. आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नका. ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यावर जो जर्मन स्वर निघतो, त्याला आपल्याकडे अक्षरच नाही. वहीत 'यु' लिहिलं की मूल कायम 'यु'च म्हणतं.

दुसरी भाषा पहिलीची ए2 पातळी (युरोपीय मोजपट्टीतली दुसरी, रोजच्या साध्या संवादाची) झाल्यावरच. फ्रेंच कच्ची असताना स्पॅनिश घेतली तर दोन्हींचे शब्द एकमेकांत मिसळतात. जपानीशी तशी सरमिसळ कमी होते. जपानीत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं: 'वाताशि वा होन ओ योमिमास', म्हणजे 'मी पुस्तक वाचतो'. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरं. रोज पाच गिरवली तर तीन आठवड्यांत होतात. तोवर रोमन लिपीतली पुस्तकं बाजूला ठेवा, नाहीतर डोळे तिकडेच जातात. या काळात पहिल्या भाषेला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं द्याच.

परीक्षेचा हिशोब आधी समजून घ्या. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार कौशल्यांना 25-25 गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 लागतात, पण एकाही भागात 5 पेक्षा कमी चालत नाहीत. जपानीच्या एन5 या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेला 180 पैकी 80 हवेत, त्यात श्रवणाचे 60 पैकी किमान 19. तिथे बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे संभाषणाचा सराव वेगळा करावा लागतो. ही जपानी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते; नोंदणी बरीच आधी बंद होते.

जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन मुंबईत काळा घोड्याला आहे, सीएसएमटीहून चालत वीसेक मिनिटं. एवढं रोज जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग किंवा जवळचा क्लास चालेल. फी भरण्याआधी मात्र एक तास बसून बघा: प्रत्येक मूल किती मिनिटं बोललं ते मोजा. पाचपेक्षा कमी भरली तर दुसरा क्लास शोधा.