डाळिंबाला ताण देण्याआधी मुळ्या उकरून पाहा

पाऊस उघडला आहे, जमिनीत ओल आहे आणि आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांसाठी, झाडाचं पाणी तोडून ताण द्यायला थोडा अवकाश आहे. सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, तपासायची हीच वेळ.

दुपारी मलूल दिसणारी, खत देऊनही न वाढणारी, पिवळसर झाडं निवडा. ड्रीपरखालची चार-सहा इंच माती हलक्या हाताने उकरा. मुळी ओढू नका. ती तुटते आणि गाठी मातीतच राहतात. मातीसकट उचलून बादलीतल्या पाण्यात हळूच धुवा. बारीक मुळ्यांवर मोहरी-ज्वारीएवढ्या, एकमेकींना चिकटलेल्या फुगीर गाठी दिसल्या, तर मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी आहे असं समजा. एक मादी दोनशे ते पाचशे अंडी घालते आणि उबदार, ओलसर जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. हलक्या जमिनीत, ठिबकच्या कायम ओलीत तिला हवं ते सगळं मिळतं.

सूत्रकृमी एकटी झाड क्वचितच मारते. पण तिने केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरश्या, सेरॅटोसिस्टिस आणि फ्युजेरियम, आत शिरतात. आधी एखादी फांदी पिवळी पडते, मग अख्खं झाड. खोड आडवं कापलं तर आत काळपट-तपकिरी डाग दिसतो. अशा वेळी बुरशीनाशकाच्या आळवणीवर (औषधाचं पाणी मुळाशी ओतण्यावर) आळवणी होते, मुळ्या मात्र कुणी बघत नाही. गाठी तशाच राहिल्या तर नव्या मुळीलाही जखमा होणारच.

अमेरिकेत जॉर्जिया, साउथ कॅरोलिनाच्या पीच बागांतही असंच घडतं. वेगळ्या जातीच्या सूत्रकृमींनी कमजोर केलेली तीन ते सात वर्षांची झाडं थंडीच्या तडाख्याने आणि जिवाणूजन्य कँकरने वसंतात अचानक वाळतात. तिथे ‘गार्डियन’ नावाचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप, वापरून बरीच झाडं वाचवली जातात. आपलं डाळिंब बहुतेक गुटी कलमाचं, स्वतःच्याच मुळांवर उभं. खुंटाचा आधार नाही, म्हणून माती आणि रोप दोन्ही जपायला हवीत.

गाठी दिसल्या तर बागेत दहा-पंधरा ठिकाणची मुळांजवळची माती एकत्र करून पाव किलो नमुना, सोबत थोड्या बारीक मुळ्या, पिशवीत बांधून सावलीतच ठेवा आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या तज्ज्ञांना दाखवा. मोठ्या झाडाला शेणखतासोबत एक-दोन किलो निंबोळी पेंड द्या. ट्रायकोडर्मा किंवा पॅसिलोमायसिस या मित्रबुरश्या ओल असतानाच सोडा. त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नको, त्याने मित्रबुरशीही मरते. ओळींमध्ये आफ्रिकन झेंडू लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडीवर्गीय आंतरपीक अजिबात नको. मुळ्या गाठींनी भरलेल्या झाडाला कडक ताण देऊ नका. यंदा फळ कमी आलं तरी चालेल, झाड टिकू द्या.

दुकानात आजही काहीजण फोरेट हे कीटकनाशक मागतात. त्यावर डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. दुसरं कोणतंही औषध घेताना लेबलवर डाळिंब आणि सूत्रकृमी दोन्हींचा उल्लेख आहे का, ते वाचा.

मेलेलं झाड मुळांसकट काढून जागेवरच जाळा, बागेतून ओढत नेऊ नका. नवी लागवड करणार असाल तर रोपवाटिकेत तीन-चार पिशव्या फाडून मुळ्या धुऊन दाखवायला सांगा. एका रोपावर जरी गाठ दिसली, तरी तो सगळा लॉट नाकारा.